बाटली चांगली होती, माप चुकलं

बाबांचा खोकला तुळशीच्या लग्नात पहिल्यांदा माझ्या लक्षात आला. तो दिवस २ नोव्हेंबर २०२५, रविवार. मी कणकवलीहून माहेरी गेले होते. आमचं गाव देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत वीस मिनिटांवर. दरवर्षी मंगलाष्टकं बाबाच म्हणतात. यंदा म्हणताना दोनदा थांबले. कफ नाही, ताप नाही, नुसता कोरडा खोकला, घशात कुसळ अडकल्यासारखा. वहिनी म्हणाली, "चार-पाच दिवस झाले, रात्री जास्त येतो."

पुढच्या दोन महिन्यांत आमच्यावर जे गुजरलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे आणि खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी हातात आहे, त्यांना यातलं काहीतरी वेळेवर आठवावं, एवढ्यासाठीच.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. आमची घराला लागून हापूसची कलमं आहेत. तुडतुड्यांसाठी फवारणीचे दिवस होते आणि दादा पंप घेऊन बागेत, तर बाबा सूचना द्यायला मागे. शेजारच्या काकींनी निदान करून टाकलं, "फवारणेचो वास छातीत गेलोहा, दुसरा काय्येक नाय." आम्हालाही ते पटलं. मग आल्याचा रस, मध, अडुळशाचा काढा, ज्येष्ठमध, हळद घातलेलं दूध, सगळं झालं. मधाने घटकाभर आराम पडायचा. रात्री एकच्या सुमाराला मात्र खोकला पुन्हा सुरू व्हायचा तो पहाटेपर्यंत.

दुकानातून सरळ एखादं सिरप आणायचं धाडस त्या दिवसांत आमच्याकडे कुणाला नव्हतं. ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलं दगावल्याच्या बातम्या रोज येत होत्या. वीसहून जास्त मुलं गेली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं. हे औद्योगिक वापराचं रसायन आहे आणि ते मूत्रपिंडं निकामी करतं. बाबांना ही बातमी ऐकून मुंबईचं जे. जे. रुग्णालय आठवलं. १९८६ साली तिथे याच रसायनाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला होता आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला होता. बाबा तेव्हा गिरणगावात नोकरीला होते, पेपरात रोज वाचायचे. वहिनीने तर घरातली लहान मुलांची सगळी सिरपं काढून टाकली. माझी धाकटी भाची साडेचार वर्षांची आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देऊ नयेत, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच महिन्यात काढली होती.

हे सांगण्याचं कारण असं की आमच्या सगळ्यांच्या डोक्यात धोका एकच होता, तो म्हणजे भेसळीचा. बाटली बरी असली की औषध बरं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

पंधरा दिवस उलटल्यावर गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई, घरी आल्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायचीच, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. बाबा थोडे रागावले. टीबी हा शब्द अजूनही आमच्याकडे हळू आवाजात बोलतात. आशाताई म्हणाल्या, "नाही निघाला तर चांगलंच, पण नाही आहे हे कळायला तर हवं." १९ नोव्हेंबरला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. आधार कार्ड आणि मोबाइल नंबर लागतो, तो सोबत ठेवा. केसपेपरला पैसे पडत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत आणि थुंकीची तपासणीही मोफत होते.

नमुने दोन द्यायचे असतात. एक तिथल्या तिथे आणि दुसरा सकाळी उठल्याबरोबरचा. कोरड्या खोकल्यात थुंकी काढणं फार अवघड. बाबांनी आधी डबीत नुसती लाळ दिली, ती परत आली. मग सिस्टरांनी नीट शिकवलं. चूळ भरायची, तीन-चार वेळा खोल श्वास घ्यायचा, शेवटचा श्वास क्षणभर रोखायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. हे बंद खोलीत करायचं नाही, उघड्यावर करायचं. २१ तारखेला रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्या संध्याकाळी बाबा चार घास जास्त जेवले.

एक्स-रेसाठी सोमवारी, २४ तारखेला, सरकारी रुग्णालयात गेलो. पण त्या दिवशी एक्स-रे काढणारे कर्मचारी रजेवर होते. जाऊन-येऊन अर्धा दिवस गेला. निघायच्या आधी फोन करून विचारलं असतं तर वाचला असता. शेवटी बुधवारी खाजगीत काढला, ४०० रुपये. छाती स्वच्छ होती.

तोवर बाबांची दशा झाली होती. रात्रीत पाच-सहा वेळा उठून बसायचे. खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. दिवसा आरामखुर्चीत पेंगायचे. ७१ वर्षांचे आहेत ते. आई २०२३ मध्ये गेली तेव्हापासून तशीही त्यांची झोप उडालेली.

शुक्रवारी, २८ नोव्हेंबरला, तालुक्याच्या गावी एका खाजगी डॉक्टरांकडे नेलं. नंबर तेविसावा, अडीच तास बसलो. तपासणी फी ४०० रुपये. डॉक्टरांनी घाई केली नाही, हे मुद्दाम लिहिते. छाती पुढून-मागून तपासली. कफ पडतो का, वजन उतरलंय का, दम लागतो का, जेवल्यावर जळजळतं का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "आणखी काय गोळ्या चालू आहेत?"

मी म्हटलं, "बीपीची एक, बाकी काही नाही."

"कुठली?"

"नाव नाही माहीत. छोटी आहे. एवढ्यातच बदलून दिलीय."

"पुढच्या वेळी पाकीट घेऊन या," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

त्या क्षणी मी बाबांकडे वळून विचारायला हवं होतं. विचारलं नाही. बाबाही बोलले नाहीत. आई गेल्यानंतर एका डॉक्टरांनी त्यांना झोपेसाठी अल्प्राझोलाम दिलं होतं. दोन वर्षं झाली, ते रोज ती गोळी घ्यायचे. घरात बहुधा फक्त वहिनीला माहीत होतं. बाबांच्या हिशेबी ते औषध नव्हतंच. "झोपेची गोळी" होती.

डॉक्टरांनी कोडिन असलेलं सिरप लिहून दिलं. रात्री झोपताना एकदा, पाच दिवस, आणि पाच दिवसांनी पुन्हा दाखवायचं. त्यांनी बजावलं ते असं. झोप येईल, गाडी चालवायची नाही. शौचाला घट्ट होईल, पाणी जास्त प्या. दारूबरोबर अजिबात नाही. घरात दुसऱ्या कुणाला खोकला झाला तरी ह्यातलं द्यायचं नाही, मुलांना तर नाहीच. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "रात्री १ चमचा × ५ दिवस".

बाजारात पहिल्या दोन दुकानांत ते मिळालं नाही. एकाने स्पष्ट सांगितलं की लिहापढी फार असते म्हणून तो ठेवतच नाही. तिसऱ्या दुकानात होतं. त्यांनी आधी मूळ चिठ्ठी मागितली. दादाच्या मोबाइलवरचा फोटो चालला नाही. मग एक वेगळी वही काढली, त्यात डॉक्टरांचं नाव, बाबांचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहिलं. मला जरा संकोच वाटला, चोरीच्या मालासारखं. दुकानदार काका समजावून म्हणाले, "हे शेड्यूल एच-वनमधलं औषध. ह्याचो हिशेब वेगळ्या वयत ठेवचो लागता, आणि ती वय तीन वर्सा सांभाळूची लागता." हा नियम २०१४ पासून लागू आहे. बाटलीवर लाल रंगात आरएक्स असं छापलेलं असतं आणि लाल चौकटीत इशारा असतो. कोडिन अफूच्या कुळातलं आहे. नशेसाठी त्याच्या बाटल्या विकल्या जातात, त्यासाठी ही सगळी बंधनं. तेव्हा औषधवाला चिठ्ठी मागतो, वही काढतो म्हणून चिडू नका. चिठ्ठीशिवाय ते कुणी देऊ केलं तर मात्र तिथून निघा.

१०० मिलिची बाटली, १४० रुपये. दादाने तिथेच उजेडात धरून पाहिली. सील, बॅच नंबर, मुदत, बनवणाऱ्याचं नाव. पक्कं बिल घेतलं. छिंदवाड्याच्या बातमीने आम्हाला हे शिकवलं होतं आणि ते योग्यच होतं. आमचं समाधान झालं.

त्या रात्री मी माहेरीच राहिले. चहाच्या छोट्या चमच्याने एक चमचा औषध मीच दिलं. बाबा सलग पाच तास झोपले. सकाळी म्हणाले, "ह्या औषदान झोप बरी लागली गो बाय." मला इतकं बरं वाटलं की शनिवारच्या दुपारच्या एसटीने मी कणकवलीला परतले. सोमवारी पतपेढीत ऑडिट होतं.

शनिवारी रात्री औषध दादाने दिलं. बाटलीचं झाकण म्हणजेच माप, असं धरून त्याने ते काठोकाठ भरलं. रविवारी बाबा दुपारपर्यंत झोपले, जेवताना बोलताना जीभ जड वाटत होती. वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मीच म्हणाले, "झोपू दे, महिनाभराची झोप राहिलीय." हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

रविवारी रात्री पुन्हा झाकणभर. मधे वीज गेली. दोनच्या सुमाराला खोकल्याची उबळ आली तेव्हा बाबांनी कुणाला उठवलं नाही. उशाशी बाटली होती, अंधारात तोंडाला लावली. त्याआधी झोपताना नेहमीची झोपेची गोळीही घेतली होती. आणि संध्याकाळी शेजारून आणलेली ॲलर्जीची गोळी सेटिरिझिन, "घशाच्या खाजेसाठी".

सोमवारी, १ डिसेंबरला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दादाचा फोन आला. बाबा हाक मारल्यावर डोळे उघडतात आणि लगेच मिटतात. घोरणं विचित्र येतंय. मी त्याला म्हटलं, घड्याळ लाव आणि छाती एका मिनिटात किती वेळा वर होते ते मोज. पतपेढीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं, तेवढंच काय ते आठवलं. तो म्हणाला, "नऊ." मोठ्या माणसाचे स्वस्थ असताना मिनिटाला १२ ते २० श्वास असतात. नऊ म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. १०८ला फोन लावला. दादाला सांगितलं, बाबांना कुशीवर झोपव, तोंडात पाणी, चहा काही घालू नको, आणि सारखा हाका मारत रहा. रुग्णवाहिका पस्तीस मिनिटांत आली. आमच्या रस्त्यांच्या मानाने लवकर.

मी कणकवलीहून पोचले तेव्हा बाबांना ऑक्सिजन लावलेला होता. दाखल करताना रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी बाटली मागितली. वहिनीने ती पदरात गुंडाळून आणली होती, फार शहाणपणाचं केलं. कोडिनचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. ते त्यांनी हाताशी काढून ठेवलं होतं. बाबा हाकेला ओ देत होते आणि ऑक्सिजनवर आकडा ९५च्या वर गेला, म्हणून ते द्यावं लागलं नाही. पण दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजत होते. दुपारी दोनला बाबा नीट जागे झाले आणि आधी कॉफी मागितली. तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरातल्या त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. सगळ्या म्हणजे सगळ्या. चालू असलेल्या, बंद केलेल्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या, आयुर्वेदिक, डोळ्यांचे थेंबसुद्धा."

दादा संध्याकाळी पिशवी घेऊन आला. टेबलावर ओतली तेव्हा आम्हीच थक्क झालो. बीपीची गोळी, अल्प्राझोलाम, सेटिरिझिन, ॲसिडिटीची दोन प्रकारची पाकिटं, गुडघ्यासाठी वेदनाशामक, अर्धवट राहिलेलं अँटिबायोटिक, त्रिफळा चूर्ण आणि नाव पुसलेली एक डबी. आम्ही म्हणत होतो, "बीपीची एक, बाकी काही नाही."

त्यांनी एकेक उचलून समजावलं. कोडिन मेंदूतली खोकल्याची उबळ दाबतं, पण जास्त झालं तर श्वासाची गतीही मंदावते. शरीरात यकृत त्याचं काही प्रमाणात मॉर्फिन करतं. हे प्रमाण माणसागणिक वेगळं. काही जणांत ते इतकं झपाट्याने होतं की नेहमीचा डोससुद्धा त्यांना जड जातो, आणि हे बाहेरून बघून कळत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना कोडिन द्यायचं नाही, त्यामागे हेही कारण आहे. तयार झालेलं मॉर्फिन पुढे लघवीवाटे बाहेर पडतं. वयामुळे मूत्रपिंडांचं काम मंदावलं असेल तर ते अंगात साठून राहतं. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बाबांचं थोडं वाढलेलंच निघालं. त्यात अल्प्राझोलाम, तेही श्वास मंदावणारं. त्यात सेटिरिझिनची गुंगी. तिघांनी मिळून एकाच बाजूला ओढलं. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असता तर आणखी कठीण झालं असतं. औषधात काहीही खोट नव्हती, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बीपीचं पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "ही कधी सुरू केली?"

वहिनीने कॅलेंडरवर खूण केलेली होती. दसरा झाल्यावर, ६ ऑक्टोबरला. त्याआधी दुसरी गोळी होती, तिने पाय सुजायचे म्हणून बदलली होती.

"आणि खोकला?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. गोळी बदलल्यापासून तीन आठवड्यांनी.

गोळी होती रामिप्रिल. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या गोळ्यांनी काही लोकांना कोरडा खोकला होतो. या गोळ्या शरीरातलं एक विकर (एन्झाइम) अडवतात, त्यामुळे रक्तदाब उतरतो. पण तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. तो मोडला गेला नाही की श्वसनमार्गात साठतो आणि खवखव सुरू होते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतही खोकला येऊ शकतो आणि काही महिन्यांनीही. यावर कितीही सिरप प्यायलं तरी मूळ तिथेच राहतं. गोळी हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी फार चांगली आहे, बहुतेकांना काही त्रास होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणून हे वाचून कुणी आपली गोळी मनाने बंद करू नका. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतात. बाबांच्या डॉक्टरांशी बाईंनी स्वतः फोनवर बोलून दुसऱ्या गटातली टेल्मिसार्टन सुरू केली.

मंगळवारी, २ डिसेंबरला, संध्याकाळी घरी सोडलं. रुग्णालयाचा खर्च शून्य. डिस्चार्ज कार्डावर काय बंद, काय चालू ते लिहून घेतलं. त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, मी खाली मराठीत लिहून त्यांच्याकडून तपासून घेतलं. हे जरूर करा, कारण घरी गोळ्या देणारं माणूस वेगळं असतं.

घरी आल्यावर मी एक काम केलं. औषधाच्या दुकानातून १० रुपयांची सुई नसलेली सिरिंज आणली आणि स्वयंपाकघरातली मापं मोजली. माझा चहाचा चमचा ४ मिलि. पोह्यांचा चमचा ९ मिलि. बाटलीचं झाकण काठोकाठ भरलं तर १५ मिलि. झाकणाच्या आतल्या बाजूला ५ची बारीक रेघ होती, तिला रंग नव्हता, चष्म्याशिवाय दिसतच नव्हती. डॉक्टरांच्या चिठ्ठीतला एक चमचा म्हणजे ५ मिलि. बाटलीत उरलं होतं ४५. म्हणजे पोटात ५५ गेलं. पहिल्या रात्रीचे ४-५, नंतर दोनदा १५, आणि तो अंधारातला घोट जवळजवळ २० मिलिचा. रविवारी रात्री बाबांच्या पोटात सात डोस गेले होते. दादा हा हिशेब ऐकून कितीतरी वेळ अंगणात जाऊन बसला. मी त्याला सांगितलं, चमच्याऐवजी मिलि लिहून घ्यायला मी विसरले, तुला तोंडी सांगायलाही विसरले. चूक तुझ्या एकट्याची नव्हती.

आता आमच्याकडे पातळ औषध सिरिंजनेच मोजतो. चिठ्ठीवर चमचा लिहिलेला दिसला की विचारायचं, "किती मिलि?" दुकानदाराकडून लेबलवर ते पेनाने लिहून घ्यायचं. आणि रात्रीचं औषध रुग्णाच्या उशाशी ठेवायचं नाही. मोजलेला डोस द्यायचा, बाटली कपाटात, कपाटाला कुलूप. दिला की कॅलेंडरवर टिक, म्हणजे दुसरं माणूस पुन्हा देत नाही.

उरलेल्या ४५ मिलिचं काय करायचं हा प्रश्न होता. मोरीत ओतलं तर पाणी विहिरीच्या अंगाला मुरतं. कचऱ्यात टाकलं तर भाचीसारखं एखादं पोर उचलणार, नाहीतर कुणी नशेसाठी. ज्या दुकानातून घेतलं त्यांनी उघडलेली बाटली परत घ्यायला नकार दिला, त्यांना ते करता येत नाही. शेवटी ५ डिसेंबरला रुग्णालयाच्या औषध विभागात नेऊन दिली, तिथल्या औषधनिर्मात्यांनी त्यांच्या पद्धतीने नष्ट करायला ठेवून घेतली. सोबत ते अर्धं अँटिबायोटिक आणि नाव पुसलेली डबीही.

खोकला लगेच गेला नाही. बाईंनी आधीच सांगितलं होतं, सहसा एक ते चार आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. हे ठाऊक नसतं तर आठवड्याभरात आम्ही पुन्हा कुठलंतरी सिरप शोधत फिरलो असतो. मी एक वही केली. रात्री खोकल्याने किती वेळा जाग आली एवढाच आकडा वहिनी सकाळी लिहायची. ३ डिसेंबर, सहा. ८ डिसेंबर, पाच. त्या दिवशी बाबा फार खट्टू झाले. "खोकलो काय ऱ्हवना," म्हणून बसून राहिले. ११ला चार, १४ला दोन. मधल्या काळात दोन उशा देऊन डोकं उंच, झोपताना चमचाभर मध, उशाशी कोमट पाण्याचा थर्मास. बाबांना मधुमेह नाही म्हणून मध चालला. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध द्यायचा नसतो, हे आशाताईंनी जाता जाता वहिनीला बजावलं, तिच्या बहिणीचं बाळ तेव्हा घरी होतं. २१ डिसेंबरला वहीत पहिल्यांदा शून्य आलं. २८ला मी पुन्हा माहेरी गेले, त्या रात्री मी जागी राहून ऐकत होते. समुद्राची गाज आणि बाबांचं साधं घोरणं. सकाळी मोहर बघायला ते दादाच्या पुढे होते, फवारणी चालू असतानाच. या वेळी तोंडाला पंचा बांधून.

जानेवारीत आणखी एक काम केलं, जे मला आधी माहीतही नव्हतं. औषधाचा त्रास झाला तर सामान्य माणसालाही तो सरकारकडे कळवता येतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा देशव्यापी कार्यक्रम २०१० पासून आहे, आता तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो. त्याचा मोफत फोन क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. माझा फोन तिसऱ्या प्रयत्नात लागला. रुग्णाचं पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं चालतात. वय, वजन, औषधाचं नाव, बॅच, कधी सुरू केलं, कधी बंद केलं, त्रास काय झाला आणि नंतर काय झालं, हे विचारतात. बाटलीचा फोटो आणि बिल जपून ठेवलं होतं म्हणून बॅच नंबर देता आला. दोन्ही नोंदवलं, रामिप्रिलचा खोकला आणि कोडिनची गुंगी. मापाची चूक आमची होती हेही लपवलं नाही. त्यांनीही कुठे दोष दिला नाही, शांतपणे लिहून घेतलं.

ज्या डॉक्टरांनी सिरप दिलं होतं त्यांच्याकडेही ९ जानेवारीला पिशवी घेऊन गेलो. भांडायला नाही, सांगायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिले. मग आमच्या समोर त्यांच्या चिठ्ठीच्या पॅडवर "चमचा" खोडून "५ मिलि" कसं लिहिणार ते दाखवलं. फी घेतली नाही.

एकूण खर्च काढला तर एक्स-रे, तपासणी, औषध, सिरिंज आणि एसटी-रिक्षा धरून अडीच हजाराच्या आत. माझ्या तीन रजा गेल्या, दादाची आठवड्याभराची बागेची कामं. पैशाने ते फार नव्हतं.

घरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. बाबांच्या सगळ्या औषधांची नावं, किती, कधी, कुणी दिलं, कधीपासून. दवाखान्यात जाताना त्याचा फोटो न्यायचा, शिवाय पिशवी. वहिनीने शेजारी तसाच दुसरा कागद लावला, स्वतःचा. तिची थायरॉईडची गोळी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

एक गोष्ट अजून संपलेली नाही. झोपेची गोळी. दोन वर्षं घेतलेली अल्प्राझोलाम एकदम सोडायची नसते, त्याने उलट त्रास होतो, म्हणून डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला सांगितलीय. आधी रोजची अर्धी केली, आता पाव. पहिल्या आठवड्यात बाबा पहाटे तीनला उठून ओटीवर बसायचे. मी फोन केला की म्हणायचे, "तुझी आवस आसती तर झोप इली असती गो." हल्ली चारपर्यंत झोपतात. पुढची तारीख १६ फेब्रुवारी, सोमवार. मी रजा टाकलीय.